बुरशी टेस्ट किट: पैसे वाया
बाथरूमच्या भिंतीवर काळे डाग आले आणि लेकीचा खोकला थांबेना म्हणून हा किट मागवला. प्लेट उघडी ठेवायची, मग झाकायची, चार-पाच दिवसांत तिच्यावर हिरवट मखमली ठिपके उगवले आणि मी घाबरलेच, पण बुरशीचे कण सगळ्याच हवेत असतात हो, काहीतरी उगवणारच, त्यातून कळलं काय? काळी म्हणजे विषारीच असंही नाही, साधी क्लॅडोस्पोरियम नावाची बुरशीपण काळपट दिसते, नुसत्या रंगावरून ओळखता येत नाही. कुठलीही असो, दमा-अॅलर्जीवाल्यांना त्रास होतो, प्रतिकारशक्ती कमी असेल तर अॅस्परजिलस नावाच्या बुरशीने फुप्फुसात इन्फेक्शनही होऊ शकतं. शेवटी पाइपचं लीकेज काढलं, भिंत सुकवली, तेव्हा डाग थांबले. किटसोबतचा हवेतला ओलावा मोजायचा मीटर मात्र कामाचा, आता ६० टक्क्यांच्या खालीच ठेवते.