व्हिएन्नाचा वीकेंड आणि कॅफे श्पेर्ल: खुर्ची सोडवत नाही

युरोप ट्रिप प्लॅन करणारे बरेच जण व्हिएन्नाला प्राग आणि बुडापेस्टच्या मधे एक रात्र देतात, शोनब्रुन पॅलेस, स्टेफान्सडोम चर्च, एखादा फोटो घोडागाडीसोबत आणि पुढे. माझं स्पष्ट मत, असं करू नका. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र एवढा तरी वेळ द्या आणि त्यातला निम्मा वेळ कॉफीहाऊसमध्ये घालवा, कारण या शहराची खरी ऐट तिथे टेबलावर बसून कळते. आणि कुठलं कॉफीहाऊस विचाराल तर कॅफे श्पेर्ल. हा रिव्ह्यू मुख्यतः त्याचाच आहे, बाकी वीकेंड त्याच्या आजूबाजूने आपोआप जमतो.

श्पेर्ल सहाव्या डिस्ट्रिक्टमध्ये गुम्पेनडॉर्फर श्ट्रासेवर कोपऱ्यावर आहे, 1880 पासून. शेजारच्या गल्लीचं नाव लेहारगासे, ऑपेरेटा म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिका रचणारा फ्रान्झ लेहार इथे नेहमी यायचा. आत शिरलं की उंच छत, लाकडी जमीन, जुन्या नक्षीच्या कापडाचे सोफे, थोनेटच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, आणि मधोमध बिनखिशाची बिलियर्ड टेबलं, त्यातल्या एकावर दिवसाचे पेपर पसरलेले. 1980 च्या दशकात रिनोव्हेशन झालंय पण चकाचक करून वाट नाही लावली, सोफ्याचं कापड जिथे झिजलंय तिथे झिजलेलंच दिसतं आणि मला तेच आवडलं. मोठ्या काचांमधून उजेड छान येतो त्यामुळे खिडकीजवळची जागा मिळाली तर सोडू नका.

आता सर्व्हिसबद्दल, कारण ऑनलाइन सगळ्यात जास्त तक्रारी त्यावरच दिसतात. व्हिएन्नाचे वेटर काळ्या सुटात असतात, त्यांना 'हेर ओबर' म्हणून हाक मारायची, आणि ते आपल्याकडच्यासारखं दर पाच मिनिटांनी 'सर आणखी काही' विचारायला येत नाहीत. लोकांना हा उद्धटपणा वाटतो. मला तर हा पाहुणचार वाटतो, कारण एक कॉफी मागवली की ते टेबल तुमचं, दोन तास बसा, पेपर वाचा, पत्रं लिहा, कोणी बिल आणून आपटणार नाही, बिल तुम्ही मागाल तेव्हाच येतं. ऑस्ट्रियाने 2011 मध्ये ही कॉफीहाऊस संस्कृती आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातली ती याच सवयींसाठी. टीप पाच ते दहा टक्के, टेबलावर ठेवून निघायचं नाही, पैसे देतानाच किती घ्या ते सांगायचं.

कॉफी नुसती 'कॉफी' म्हणून मागवू नका. मेलांज म्हणजे दूध आणि वर फेस, आपल्या चवीला सगळ्यात जवळची. आइनश्पॅनर ग्लासात येते, खाली काळी कडक कॉफी आणि वर थंड व्हिप्ड क्रीमचा जाड थर, ढवळायची नाही, क्रीममधून गरम कॉफी ओढून प्यायची. छोटी हवी असेल तर क्लायनर ब्राऊनर. सगळ्या कॉफ्या छोट्या चकचकीत ट्रेमध्ये पाण्याच्या ग्लाससोबत येतात, आणि ते पाणी खरंच पिऊन बघा, 1873 पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी पाइपलाइनने शहरात येतं, नळाचं पाणी इतकं चवदार मी दुसऱ्या कुठल्या मोठ्या शहरात प्यायले नाहीये. बाटलीबंद पाणी घेण्यात पैसे घालवू नका.

खाण्यात श्पेर्ल टोर्टे त्यांचा स्वतःचा केक, चॉकलेट आणि बदामाच्या वळणाचा, चांगला आहे, पण माझं मत टोपफेनश्ट्रुडेलला. टोपफेन म्हणजे जवळपास आपला चक्का, आंबटपणा कमी, पातळ पापुद्र्यात गुंडाळून भाजलेला आणि गरम असताना फारच सुंदर लागतो. शुद्ध शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, सूप कुठेही घेताना विचारा, नुडल सूप दिसायला निरागस असलं तरी ते बहुतेक वेळा बीफच्या पाण्यात केलेलं असतं. शहरात पोटभर शाकाहारी हवं असेल आणि अंडं चालत असेल तर केझेश्पेत्सले (चीजमध्ये घोळवलेल्या पिठाच्या छोट्या गोळ्या, वर तळलेला कांदा) मागवा. काइझरश्मार्नही (जाड पॅनकेकचे तुकडे, यातही अंडं असतं) एकदा खायलाच हवं, ते गोड आहे पण दोघांचं जेवण होतं.

शनिवारचा माझा क्रम सांगते, मेट्रोतून उतरल्यावर सगळं पायीच होतं. सकाळी लवकर यू-फोर मेट्रोने केटनब्रुकेनगासे स्टेशन, बाहेर पडलं की समोर नाशमार्क्ट या मंडईच्या टोकाला शनिवारचा जुन्या वस्तूंचा बाजार. चांदीचे चमचे, पोस्टकार्डं, ऑपेराचे छोटे दुर्बीण-चष्मे, फर कॉलरचे कोट, कॅश खिशात ठेवा आणि घासाघीस बिनधास्त करा. तिथेच मान वर केली की आर्किटेक्ट ऑटो वाग्नरची 1898-99 ची दोन घरं, एकाच्या सगळ्या भिंतीवर गुलाबी फुलांच्या टाइल्स चढत गेल्यात, शेजारच्यावर सोनेरी मेडलं. लोक खाली भाव करत असतात आणि वर ही घरं, मी तर बराच वेळ रस्त्याच्या पलीकडे नुसती उभी होते. मग बाजारातून चालत थिएटर आन डेर व्हीन, 1801 चं, बेथोव्हेनच्या एकमेव ऑपेराचा, फिडेलिओचा, पहिला प्रयोग इथे 1805 मध्ये झाला. तिथून श्पेर्ल काही मिनिटांवर. तिथे दुपार काढली की सेसेशन या कलाकारांच्या संघटनेची पांढरी इमारत, डोक्यावर सोनेरी पानांचा घुमट, आत तळघरात चित्रकार क्लिम्टचा 1902 चा बेथोव्हेन फ्रीझ, म्हणजे चित्रांचा पट्टा, लांबच्या लांब भिंतभर. आणि गंमत बघा, सेसेशनची इमारत ज्याने काढली तो ओल्ब्रिख आणि आर्किटेक्ट योझेफ हॉफमान वगैरे मंडळी तरुणपणी श्पेर्लमध्येच गप्पा मारत बसायची. म्हणजे टेबल, गप्पा आणि त्यातून उभी राहिलेली इमारत हे सगळं एका फेरीत बघून होतं, याच्यासाठी वेगळा गाइड लागत नाही.

संध्याकाळी स्टेट ऑपेरा. बसायच्या चांगल्या सीट्स महाग असतात पण उभं राहून बघायची तिकिटं त्याच दिवशी मिळतात आणि त्या मानाने फारच स्वस्त. रेलिंगला स्कार्फ किंवा रुमाल बांधून जागा धरायची ही इथली जुनी पद्धत. समोर छोट्या स्क्रीनवर इंग्लिशमध्ये शब्द येतात त्यामुळे गोष्ट कळते. मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ही इमारत जळाली होती, परत उघडली 1955 मध्ये, आणि तेव्हा पहिला प्रयोग लावला तो फिडेलिओचाच, कैदेतून सुटण्याची गोष्ट. सकाळी त्याच ऑपेराच्या जन्माचं थिएटर बघून आल्यावर संध्याकाळी इथे उभं राहताना मला फार भरून आलं. साडी नेसून गेले होते, कॉटनची इरकल, पायात फ्लॅट चपला कारण तीन तास उभं राहायचंय, आणि मध्यंतरात दोन म्हाताऱ्या बायकांनी काठाला हात लावून बघितला. कपडे चांगले घालून जा, हे शहर नटून येणाऱ्यांचं मनापासून स्वागत करतं.

रविवारी दुकानं बंद म्हणजे बंदच, सुपरमार्केटसुद्धा मोठ्या स्टेशनांवरचीच उघडी, त्यामुळे खरेदी शनिवारी उरका. रविवार म्युझियमचा ठेवा. कुन्स्टहिस्टोरिशेसमध्ये ब्रॉयगेलची खोली, बाकी काही बघितलं नाही तरी बर्फातून परतणारे शिकारी आणि बाबेलचा मनोरा या दोन चित्रांपुढे निवांत बसा, बाक आहेत.

मोठ्या नावांबद्दल थोडक्यात. कॅफे सेंट्रल (1876) आतून चर्चसारख्या कमानी, अप्रतिम देखणं, पण दाराबाहेर रांग असते, सकाळी उघडताच गेलात तर ठीक. डेमेल या मिठाईच्या दुकानात काचेमागे मिठाईवाले काम करताना दिसतात, मुलांना घेऊन जा. झाखर टोर्टे (Sacher, चॉकलेट केक) 'ओरिजिनल' कोणाचा यावर हॉटेल झाखर आणि डेमेल वर्षानुवर्षं कोर्टात भांडले, झाखरच्या केकमध्ये जर्दाळूचा जॅम मधल्या थरातही असतो, डेमेलमध्ये फक्त वरच्या चॉकलेटखाली. मला दोन्ही जरा कोरडे वाटले, सोबतचं क्रीम गोड नसतं, ते भरपूर लावून खायचं असतं. जुन्या गावठाणातल्या एका टुरिस्टी रेस्टॉरंटमध्ये न मागवलेल्या ब्रेडचे पैसे बिलात लागले, तेव्हा टेबलावर आपोआप आलेल्या टोपलीला हात लावण्याआधी विचारा.

श्पेर्लला पाचपैकी पाच. रविवारी दुपारनंतर तिथे पियानो वाजवतात, लाइव्ह, कोणी गप्पा थांबवत नाही आणि वाजवणाऱ्यालाही त्याचं काही वाटत नाही. त्यासाठी परतीची फ्लाइट रात्रीची घ्या, एअरपोर्टला एस-सेव्हन लोकलने साधारण अर्ध्या तासात पोचता येतं आणि ती एक्सप्रेस ट्रेनपेक्षा बरीच स्वस्त पडते. फक्त उन्हाळ्यात जाणार असाल तर श्पेर्लची रविवारची वेळ आधी बघून घ्या.