आमच्या वाचनालयाचे कार्यक्रम: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात मी आमच्या भागातल्या वाचनालयाची सभासद झाले. आता रसवंत्या सुरू झाल्यात, म्हणजे तिन्ही ऋतूंतले कार्यक्रम बघून झाले. पुस्तकांबद्दल फार लिहीत नाही. कथा-कादंबऱ्या भरपूर आहेत, चरित्रं चांगली आहेत, विज्ञानाचं कपाट मात्र जुनाट आहे. वर्गणी परवडते, अनामत परत मिळते. लिहायचंय ते कार्यक्रमांबद्दल, कारण मी, माझी चौथीतली मुलगी आणि सासूबाई अशा आम्ही तिघी तिथे जातो आणि तिघींचीही मतं आता पक्की झाली आहेत.

तसं नाशिकमध्ये ऐकण्यासारखं खूप असतं. १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, आणि त्याचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे. गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. नावाजलेला वक्ता ऐकायचा असेल तर तिकडे जावं. वस्तीतल्या लहान वाचनालयाने त्याची नक्कल करू नये, असं मला आता ठामपणे वाटतं. जिथे सभासदाला स्वतः तोंड उघडावं लागतं ते आमच्याकडचे सगळे कार्यक्रम जमलेत. जिथे नुसतं रांगेत बसून ऐकायचं असतं ते बहुतेक पडलेत.

सगळ्यात जमलेला म्हणजे महिन्यातून एकदा होणारा वाचनकट्टा. खुर्च्या गोल मांडतात, माइक नसतो. प्रत्येकाने एक पुस्तक आणायचं, त्यातलं एखादं पान वाचायचं आणि ते का निवडलं ते सांगायचं. सात मिनिटं मिळतात. ग्रंथपाल ताई घड्याळ समोर ठेवून बसतात आणि वेळ झाली की अध्यक्षांनाही थांबवतात. येणारी माणसं अगदी वेगवेगळी: ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका, नोटप्रेसमध्ये नोकरी केलेले एक आजोबा, दोन शिक्षिका, नर्सिंगच्या मुली, आणि दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी इथे घर घेतलंय.

या दादांनी एकदा ग्रामीण कादंबरीतलं पावसाच्या रात्रीचं वर्णन वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "लिहिलंय सुरेख. पण लेखकाला पाऊस दिसला, सकाळची फवारणी नाही दिसली." मग त्यांनी समजावून सांगितलं. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघालेली असते, तेवढ्यात रात्री पाऊस झाला की पानं ओली राहतात आणि डावणी हा बुरशीचा रोग येतो. मग उजाडायच्या आत ट्रॅक्टर बागेत घालायचा, चाकं चिखलात रुततात, औषधाचा खर्च वाढत जातो, आणि घड जिरले की वर्ष गेलं. शिक्षिका बाईंना ते पटलं नाही. कादंबरीने शेतीची नोंदवही का व्हावं, असं त्यांनी विचारलं. दोघांचं चांगलं जुंपलं, एकदाही आवाज न चढवता. त्या दिवशी ताईंनी सात मिनिटांचा नियम बाजूला ठेवला, ते बरं केलं. जाताना त्या कादंबरीसाठी चार-पाच जणांनी नंबर लावले. त्याआधी किती वर्षं ती कपाटात पडून होती कोण जाणे. छाटणीच्या आणि खुड्याच्या, म्हणजे द्राक्षं तोडायच्या दिवसांत दादा येत नाहीत, तेव्हा कट्ट्यावर त्यांची आठवण निघतेच.

सासूबाईंचा कार्यक्रम दिवाळी अंकांचा. मराठीत दिवाळी अंकांची सुरुवात १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने केली, ती परंपरा वाचनालयांनीही टिकवून धरली आहे. वेगळी वर्गणी भरली की पुढचे काही महिने अंक आळीपाळीने घरी येतात. आमच्याकडे जानेवारीत त्यावर चर्चा होते. आवडलेला एक लेख आणि न आवडलेला एक, दोन्ही सांगायचे. सासूबाई आयुष्यात कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या. या वर्षी त्यांनी एका पाककृती विशेषांकाची चिरफाड केली. चार माणसांच्या मापात सांगितलेल्या अनारशांचं पीठ दोघांनाही पुरणार नाही, हे त्यांनी आकड्यांसकट मांडलं. टाळ्या पडल्या.

मुलांचा गोष्टीचा तास रविवारी सकाळी असतो. गोष्ट सांगणाऱ्या ताई उत्तम आहेत, मुलांना मध्ये मध्ये प्रश्न विचारू देतात. सुरुवातीला मात्र एक मोठी अडचण होती. गोष्ट संपते तेव्हा मुलाला ते पुस्तक लगेच हवं असतं, आणि रविवारी देवघेव बंद! आम्ही दोन-तीन आया चिकाटीने बोलत राहिलो. आता गोष्टीच्या जागीच एक टोपली आणि एक वही असते. पुस्तक उचलायचं आणि वहीत पुस्तकाचं नाव, आपलं नाव, तारीख स्वतःच्या हाताने लिहायची. माझी मुलगी जीभ दाताखाली धरून सगळं सावकाश लिहिते आणि मागच्या पानावर आपलं आधीचं नाव आहे का तेही बघते. एवढ्या साध्या सोयीने तिचं वाचन वाढलं.

हिवाळ्यातली वारसा फेरी मला वैयक्तिकरीत्या सर्वांत जास्त देऊन गेली. आदल्या आठवड्यात वाचनालयाने नाशिकच्या इतिहासावरची पुस्तकं एका टेबलावर काढून ठेवली होती आणि फेरीत प्रत्येकाला एकेका जागेची माहिती सांगायची होती. नारोशंकराची घंटा मी लहानपणापासून बघतेय, पण १७३९ च्या वसई विजयानंतर ती तिथून आणली, हे शोधून सांगताना ती माझी झाली. विजयानंद थिएटरपाशी एका कॉलेजच्या मुलाने २१ डिसेंबर १९०९ ची रात्र सांगितली: नाटक बघायला आलेला कलेक्टर जॅक्सन आणि त्याच्यावर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे. काळाराम मंदिरासमोर नोटप्रेसचे आजोबा बोलले. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह, दादासाहेब गायकवाडांनी इथे धरलेली लढाई, वर्षानुवर्षं बंद राहिलेले दरवाजे, हे सगळं ते कागद न बघता बोलले. त्यांच्या घरातली माणसं त्यात होती. त्यानंतर ते टेबल आठवडाभर रिकामं होतं, पुस्तकं सगळी घरोघरी गेली होती.

‘सातबारा वाचायला शिका’ हा तास छोटा पण कामाचा. गाव नमुना सात म्हणजे हक्काची नोंद, बारा म्हणजे पिकांची, फेरफार नमुना सहामध्ये. लोकांनी आपापले उतारे आणले होते, त्यामुळे प्रश्न खरे होते. असे तास वाढवावेत.

आता जे खटकतं ते. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीचा, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम कुसुमाग्रजांच्या गावात तरी मनापासून व्हायला हवा. आमच्याकडे दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ आणि देणगीदारांचे सत्कार यांतच निम्म्याहून जास्त वेळ गेला. कविता पाठ करून आलेली मुलं शेवटपर्यंत ताटकळली आणि त्यांची पाळी आली तेव्हा लोक चपला शोधत होते. मला याचं फार वाईट वाटलं. देणगीदारांचे आभार मानायलाच हवेत, लहान वाचनालयं त्यांच्यामुळे चालतात. पण मुलांच्या कविता आधी घ्या.

दुसरं, वर अभ्यासिका आहे. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून बसलेली असतात. खाली माइक लागला की त्यांचे दोन तास वाया जातात, आणि बाहेरगावाहून येऊन इथे खोली करून राहणाऱ्या मुलांना ते परवडत नाही. मोठे कार्यक्रम जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये घ्यावेत.

तिसरं म्हणजे वेळ. कट्टा शनिवारी पाचला असतो. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून सुटणारा माणूस पाचला पोहोचेल कसा? म्हणून कट्ट्यावर एकतर निवृत्त लोक दिसतात, नाहीतर विद्यार्थी. चाळिशीतले पुरुष जवळपास नाहीतच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोपही आदल्या संध्याकाळी येतो. महिन्याचं वेळापत्रक एक तारखेला फळ्यावर आणि ग्रुपवर लागलं तर रजा, पाळी, मुलांचे क्लास सगळं जुळवता येईल.

कट्टा रविवारी सकाळी साडेदहाला घ्यावा, असा अर्ज आम्ही काही सभासदांनी कार्यकारिणीकडे दिलाय. ताई अनुकूल आहेत, बैठक पुढच्या महिन्यात आहे. नवीन कोणाला सभासद व्हायचं असेल तर कट्ट्याच्याच दिवशी या, आधी बसून ऐका आणि मग फॉर्म भरा. दोन फोटो आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा. आम्ही तिघींनी पुढच्या वर्षाची वर्गणी भरून टाकली आहे.