नव्या घरातले अपग्रेड: काही महिने राहिल्यावर, आणि मुख्यतः बाथरूमच्या ढाळाबद्दल

"टाइल तुम्ही निवडली होती, त्यामुळे ही तक्रार दोष-दायित्वात बसत नाही." बिल्डरच्या सर्व्हिस विभागाकडून हे उत्तर आलं म्हणून लिहायला बसलोय. दोष-दायित्व म्हणजे ताब्यानंतर निघालेले दोष दुरुस्त करून द्यायची बिल्डरची जबाबदारी. ताबा घेऊन काही महिने झाले. घर हवेशीर आहे, भिंती सरळ आहेत, दारं नीट लागतात. पण बाथरूममध्ये पाणी साचतं आणि त्याचा मला मनापासून राग आहे.

मूळ स्पेसिफिकेशनमध्ये 300 बाय 300 मिलिमीटरची टाइल होती. जादा पैसे भरून आम्ही 600 बाय 600 घेतली. सांधे कमी, घासायला सोपी, दिसायलाही छान. आता मगभर पाणी ओता. ते पाणी जाण्याच्या जाळीकडे निघतं, अर्ध्यावर थबकतं आणि कमोडमागच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. सकाळच्या आंघोळींनंतर तिथलं ग्राउट संध्याकाळपर्यंत ओलं आणि काळपट असतं. वायपर मारल्याशिवाय घरातल्या कुणाचीही आंघोळ पुरी होत नाही.

जाळी एका जागी असली की जमिनीला सगळीकडून तिच्याकडे ढाळ द्यावा लागतो, मीटरला साधारण 1 ते 2 सेंटीमीटर. त्यामुळे जमीन तिरक्या रेषांवर मोडते. छोट्या टाइलांच्या सांध्यांत तो मोड जिरतो, मोठी टाइल मात्र वाकत नाही. मग एक तर ती त्या रेषेवर कापून बसवायची, नाहीतर भिंतीलगत लांब जाळी घेऊन सगळी जमीन एकाच दिशेला उतरवायची. आमच्याकडे यातलं काहीच केलं नाही. कोपऱ्यातल्या टाइलवर लेव्हल (सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी) ठेवली तर बुडबुडा बरोबर मध्ये, म्हणजे ढाळ नाहीच! अपग्रेडच्या फॉर्मवर रंगाचा कोड होता, आकार होता, दर होता. 'या आकाराला जाळी बदलावी लागेल' ही एक ओळ नव्हती. रोज टाइल बसवणाऱ्यांनी ती सांगायला हवी होती, गिऱ्हाइकाला ते कुठून कळणार?

करार काढून पुन्हा वाचला. ग्राहकाने निवडलेल्या साहित्यातल्या दोषांना विकासक जबाबदार नाही, असं एक कलम आहे. पण टाइलला तडा नाही, रंग उडालेला नाही. चुकलाय तो ढाळ, म्हणजे बसवण्याचं काम, आणि कामातल्या दोषांची जबाबदारी दुसऱ्या कलमात विकासकावरच आहे. दोन्ही कलमांचे क्रमांक आणि साचलेल्या पाण्याचे फोटो लावून लेखी तक्रार दिली. फोनवर 'बघतो, बघतो' ऐकत होतो, कागद गेल्यावर मात्र माणूस आला.

त्या माणसाबद्दल चांगलंच लिहायला हवं. साइट इंजिनिअरने स्वतः पाणी ओतलं, थांबून पाहिलं आणि वाद न घालता शिटावर 'ढाळ अपुरा' लिहून सही केली. तोवर मी सगळ्या सर्व्हिस विभागालाच नावं ठेवत होतो, ती मागे घेतो. टाइल फोडताना खालचं वॉटरप्रूफिंग फाटू शकतं. म्हणून नवा थर भिंतीवर थोडा चढवून घ्यायचा, जाळी बंद करून 24 तास पाणी उभं ठेवायचं, खालच्या मजल्याचं छत तपासायचं आणि मगच टाइल, एवढी अट मी घातलीय. ती लेखी मान्य होईपर्यंत छिन्नी लागू देणार नाही.

बाकीचे अपग्रेड थोडक्यात. हळू मिटणाऱ्या ड्रॉवरवर पहिल्या महिन्यात जीव जडला होता. आता जड भांड्यांचा ड्रॉवर शेवटची दोन बोटं उघडाच राहतो. नळ उत्तम आहेत, पण नळ प्लंबर एका दुपारी बदलून देतो. त्याचे पैसे गृहकर्जात घालून वर्षानुवर्षं व्याज भरणं मला पटत नाही. भिंतीत गेलेल्या कामाचं उलट आहे. गीझर आणि एसीसाठी 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर घेतली, आणि हॉलपासून कामाच्या खोलीपर्यंत एक रिकामा पाइप, आत ओढदोरीसकट. यादीतली ही सगळ्यात स्वस्त ओळ होती आणि तिच्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती. परवा इंटरनेटची केबल त्यातून ओढली, एकही भिंत न फोडता. पैसे वसूल झालेलं अपग्रेड म्हणजे हेच.

सही करायच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्या. वस्तूच्या नावापुढे 'किंवा समतुल्य' असेल तिथे समतुल्य कोण ठरवणार आणि वस्तू हलकी निघाली तर फरक परत मिळणार का? बदलांमुळे ताब्याची तारीख पुढे जाणार असेल तर किती? आणि जी मूळ वस्तू तुम्ही घेतच नाही, तिची किंमत वजा झाली का? आमच्या पहिल्या हिशेबात नव्या टाइलचे पूर्ण पैसे लावले होते आणि जुन्या टाइलचे घराच्या किमतीत होतेच. विचारल्यावर वजावट मिळाली. फॉर्मवर तिच्यासाठी रकानाच नव्हता.