दुपारी चार वाजता दाखवलेलं चित्र

आमचे हे मालगाडीवर लोको पायलट. कॉल आला की खंडवा नाहीतर मनमाड, आणि कॉल यायचा तो नेमका रात्रीच. भुसावळात आमच्या कॉलनीत निम्मी घरं रेल्वेवाल्यांची, त्यामुळे आज कुठल्या घरात पुरुषमाणूस नाही हे गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ असतं.

दिवाळीनंतर कुणीतरी रात्री गाड्यांच्या मागे लागलं. आधी माझ्या स्कूटीची सीट ब्लेडने फाडली, उभी-आडवी, आतला फोम बाहेर. मग समोरच्या काकांच्या कारचा आरसा फोडला. मग पुन्हा माझी सीट, नवं कव्हर घालून आठ दिवसही झाले नव्हते. चोरी कशाचीच नाही, नुसता उपद्व्याप. चोराचं निदान कळतं तरी त्याला काय हवंय ते.

भिशीतल्या एकीने सीसीटीव्हीवाल्याचा नंबर दिला. माणूस गोड बोलणारा, आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडला. लेटरपॅडवर कोटेशन लिहून दिलं: ५ मेगापिक्सेलचे 'कलर नाईट व्हिजन' कॅमेरे चार, डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, १ टीबीची हार्ड डिस्क, कॉपर वायर, फिटिंगसकट २१,५०० रुपये. पक्कं बिल हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी. जवळजवळ चार हजार वाचतात म्हणून मीच 'बिल राहू द्या' म्हटलं. एवढी एक चूक सर्वस्वी माझी.

१५,००० रोख आधी, ६,५०० काम झाल्यावर फोनपेने. जानेवारी असल्यामुळे घरात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या होत्या, त्याच्या हाताखालची दोन्ही पोरं पोटभर जेवली. दुपारी चार वाजता त्याने टीव्हीवर चित्र लावून दाखवलं. समोरच्या काकांची तुळस, तारेवर वाळणारी साडी, सगळं लख्ख. मी तिथल्या तिथे फोनपे केलं. रात्रीचं चित्र बघायला मागावं हे डोक्यातच आलं नाही, आणि कॅमेरे घेतले होते ते रात्रीसाठीच!

अकराव्या दिवशी सीट पुन्हा फाटली. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला, म्हटलं आता सापडतोय बेटा. रेकॉर्डिंग मागे नेलं. पहाटे पावणेतीन. 'कलर' कसलं, काळं-पांढरं, आणि त्यातला वरचा अर्धा भाग पांढराफटक. कॅमेरा छज्जाच्या पोटाला चिकटवून बसवला होता, त्यामुळे अंधारात बघायला त्यात जे इन्फ्रारेड दिवे असतात त्यांचा उजेड छज्जावरच आपटून परत त्याच्या डोळ्यात जात होता. खालच्या अर्ध्यात लेन्ससमोर कोळ्याचा एक धागा झुलत होता, दोरखंडाएवढा जाड. त्याच्या मागून एक पांढरा आकार आला, स्कूटीपाशी वाकला आणि निघून गेला. तोंडाच्या जागी पीठ फासल्यासारखं. सासूबाई पारोळ्याकडच्या. चष्मा लावून त्या कितीतरी वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "हाई मानूस शे का भूत शे?"

पेनड्राइव्ह घेऊन पोलीस स्टेशनला गेले. हवालदारदादांनी दोनदा बघितलं. "ताई, यात माझा सख्खा भाऊ असला तरी मला ओळखू येणार नाही." पण एक कामाची गोष्ट त्यांनी सांगितली. कधी चांगलं फुटेज मिळालं तर डीव्हीआरमधलं मूळ पुसू द्यायचं नाही. प्रत कोर्टात न्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं, नुसता पेनड्राइव्ह चालत नाही.

मी सीसीटीव्हीवाल्याला फोन केला. "काकू, रात्री सगळ्यांचं असंच दिसतं." मीही मान्य केलं असतं, पण रविवारी जळगावहून भाचा आला. तो डिप्लोमाला आहे. डीव्हीआरच्या मेनूत शिरला आणि हसायलाच लागला. चारही कॅमेऱ्यांसमोर लिहिलेलं ७२०पी. म्हणजे एक मेगापिक्सेल, फार तर. 'फाईव्ह एमपी' होतं ते खोक्यावरच्या स्टिकरवर. नखाने सोलल्यावर खालचं आधीचं स्टिकर दिसलं. मग त्याने हार्ड डिस्कची माहिती उघडली, त्यात ती आजवर किती तास चालली ते असतं. २७,४१२ तास. तीन वर्षांहून जास्त काळ कुणाच्या तरी दुकानात राबून आलेली डिस्क मला नवी म्हणून दिली होती. वायरचं टोक ब्लेडने खरवडलं तर वरून तांब्याचा रंग, आत पांढरं ॲल्युमिनियम. खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, 'आर' ने सुरू होणारा नंबर होता, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकल्यावर चार्जर बनवणाऱ्या भलत्याच कंपनीचं नाव आलं.

छज्जाला कॅमेरा चिकटवणं हा आडाणीपणा, तो मी सोडून देते. स्टिकर लावणं हा आडाणीपणा नाही.

तरी भाच्याने अंगणात टेप धरून एक हिशोब करून दाखवला, तो मला फसवणुकीपेक्षा जास्त लागला. फाटक कॅमेऱ्यापासून ९ मीटरवर, आणि तिथे चित्रात मावत होती १८ मीटरची रुंदी, शेजारच्या ओट्यापासून थेट डीपीपर्यंत. ७२०पीच्या चित्रात आडवे ठिपके १,२८०, ते १८ मीटरमध्ये वाटले की मीटरला आले ७१. माणसाच्या तोंडाला जेमतेम दहा-अकरा. अनोळखी माणूस ओळखू यायला मीटरला अडीचशे धरतात. म्हणजे खरोखरचे ५ मेगापिक्सेल असते तरी एवढं रुंद चित्र घेऊन तोंड ओळखू येणं कठीणच होतं. "मामी, तुला सगळी गल्ली बघायचीय का एक माणूस?" मला बाई सगळी गल्ली दिसते याचंच तर कौतुक वाटलं होतं.

पैशांचं असं झालं. १९१५ ला, ग्राहक हेल्पलाईनला, फोन केला. पहिला प्रश्न, बिल आहे का? माझ्याकडे लेटरपॅडचं कोटेशन आणि ६,५०० च्या फोनपेचा स्क्रीनशॉट. १५,००० रोख दिल्याचा कागदाचा कपटाही नाही. त्यांनी आधी लेखी नोटीस पाठवायला सांगितलं. रजिस्टर पोस्टाने पाठवली, त्यात डिस्कच्या तासांचा आणि दोन्ही स्टिकरचा फोटो जोडला. जिल्हा ग्राहक आयोगात जाईन असंही लिहिलं; ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, मुदत २ वर्षं. चौथ्या दिवशी सीसीटीव्हीवाला ८,००० घेऊन दारात. बाकीचे "दोन महिन्यांत देतो, काकू." ते दोन महिने अजून चाललेत. सासूबाईंचं मत, "पैसा गयात पानीमा."

त्या आठ हजारांत थोडी भर घालून फाटकाच्या आतल्या खांबावर एकच कॅमेरा लावला. ४ मेगापिक्सेलचा, ६ मिलिमीटर लेन्सचा, डोक्यापेक्षा थोडाच उंच. त्याला दिसतं फक्त फाटक आणि स्कूटी. वर एक साधा एलईडी रात्रभर जळतो. पक्कं बिल घेतलं. आणि बसवणाऱ्याला चहा पाजून अंधार पडेपर्यंत बसवून ठेवलं. रात्री आठला भाच्याने फाटकातून चालून दाखवलं, त्याच्या हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण दिसला, तेव्हाच पैसे दिले. सीट फाडणारा अजून त्यात आलेला नाही. जुने चार तसेच भिंतीवर आहेत, हे म्हणतात राहू देत, त्याला थोडंच माहीत आहे.

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीत तोच सीसीटीव्हीवाला शिडी लावून उभा दिसला. घरातल्या ताईंना बाजूला घेतलं आणि विचारलं, चित्र कधी दाखवणार म्हणाला? त्या म्हणाल्या, चार वाजता. मी म्हटलं, त्याला म्हणावं साडेसातला ये, तोवर पैसे देऊ नका.