रिपोर्टमधली खालची ओळ

पुरुषांच्या मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी ‘मुळापासून बारीक करणाऱ्या’ कॅप्सूल गळ्यात कशा मारतात हे नव्याने सांगायला नको. गोड आवाजातला फोन, ‘आमचे तज्ज्ञ’, आजच्या आज संपणारी सवलत. रोज 4 कॅप्सूल, 90 दिवस, एकूण 360. जवळजवळ सगळ्या मी गिळल्या.

संताप होतो तो सोनोग्राफीच्या कागदाचा. आधीचं माप 5.0 × 4.0 × 4.0 सेंटिमीटर. गुणाकाराला 0.52 ने गुणलं की आकारमान निघतं, 41.6 मिली. कोर्सनंतर 4.7 × 3.8 × 3.8, म्हणजे 35.3. लगेच विक्रेत्याकडून लाल गोल काढलेला फोटो आला, ‘15 टक्के घट!’ अहो, सोनोग्राफीचा प्रोब (अंगावर फिरवायचं यंत्र) जरा तिरका धरला, स्क्रीनवरची खूण दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे पडली, तरी एवढा फरक येतो. तीन मापं एकमेकांत गुणली जातात, तशी त्यांतली चूकही. फिनास्टेराइडसारखं खरं औषधसुद्धा ग्रंथी 20-25 टक्के लहान करायला सहा महिने, वर्ष घेतं.

आणि त्या लाल गोलाच्या बरोबर खाली छापलेलं होतं: लघवीनंतर मूत्राशयात उरलेली लघवी. आधी 60 मिली, आता 210. हीच ओळ वाचायची होती. गोल वर होता, डोळे वरच राहिले.

ग्रंथीचा आकार आणि अडथळा यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. 80 मिलीची ग्रंथी काहींना त्रास देत नाही. 30 मिलीचीही, मधला भाग मूत्राशयात घुसला की, वाट अडवते. नुसता आकार दाखवून कुणी काही विकत असेल तर तिथेच उठा.

मूर्ख म्हणायचं तर म्हणा. पण रात्री पाचदा उठणाऱ्याला पहिल्या महिन्यात खरंच तीनदाच उठावं लागलं, तर तो विश्वास ठेवणार नाही? हा त्रास मुळात कमी-जास्त होत राहतो, आणि औषध नसलेल्या कोऱ्या गोळीनेही बरं वाटतं. शिवाय सोबतच्या पथ्याच्या कागदावर संध्याकाळनंतर पाणी कमी, चहा बंद असं होतं. गुण बहुतेक त्या कागदाचा. बाटलीवर सॉ पाल्मेटो (एका वनस्पतीचा अर्क) 320 मिग्रॅ लिहिलेलं. 2011 च्या मोठ्या चाचणीत 960 मिग्रॅपर्यंत देऊनही ते कोऱ्या गोळीपेक्षा सरस ठरलं नव्हतं.

पुढे सर्दीची गोळी घेतली, तीत स्यूडोएफेड्रिन, म्हणजे चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध. लघवी पूर्ण बंद, कॅथेटर म्हणजे नळी घालावी लागली, 900 मिली निघाली. विक्रेता म्हणतो, ‘सर्दीची गोळी घेतलीत ना, चूक तुमची.’ त्या गोळीने मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं हे खरंच आहे. पण आत 210 मिली आधीच तुंबलेली होती, त्याचं काय?

तक्रारीचं तर विचारूच नका. औषध खातं म्हणतं, हा पूरक आहार. आहाराचं खातं म्हणतं, आजार बरा करण्याचा दावा आहे, म्हणजे औषध, तिकडे जा. पोलीस म्हणतात, स्वखुशीने घेतलंत. ग्राहक कक्ष बिल मागतो; बिलावर ‘आरोग्य साहित्य’. कॅप्सूल तपासून द्या म्हटलं, तर बाटलीचं सील फुटलंय म्हणून नमुना नाकारला. सील न फोडता गिळायच्या कशा, हे कोणी सांगेल का?

‘वनौषधी’ कॅप्सूलने दोन दिवसांत धार मोकळी झाली तर खूश होऊ नका, आत न सांगितलेलं औषध असू शकतं. पुरुषांसाठीच्या अशा मालात सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) वारंवार सापडलंय. हृदयासाठी नायट्रेटची औषधं घेणाऱ्याच्या ते जिवावर बेतेल. फिनास्टेराइड आणि त्याच जातीच्या ड्युटास्टेराइडने पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या संशयासाठी रक्तात मोजतात ते) साधारण निम्मं होतं, तेव्हा काय गिळताय ते डॉक्टरांना सांगा, नाहीतर कर्करोगाची खूण झाकली जाईल. काहीही घेण्याआधी सात प्रश्नांचा, 35 गुणांचा लक्षणांचा तक्ता भरून ठेवा. 20 किंवा त्याहून जास्त गुण आले तर फोनवरच्या तज्ज्ञाशी बोलू नका. आणि एवढं करूनही मागवलंतच, तर एक बाटली सीलबंद ठेवा. नमुना त्यांना तसाच लागतो.