जुन्या विंडोजला मोठी हार्ड डिस्क: आत जोडावी, यूएसबीवर की नेटवर्कवर?

विंडोज ९८ किंवा एक्सपीच्या मशीनला मोठी डिस्क जोडली आणि ती दिसलीच नाही, तर नशीब चांगलं म्हणायचं. खरा घात होतो तो ती पूर्ण दिसते तेव्हा. जुन्या आयडीई पद्धतीत (डिस्क मदरबोर्डला जोडायची जुनी पद्धत) सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या सगळ्यात लहान तुकड्याचा, पत्ता २८ बिटांचा असतो. ५१२ बाइटच्या सेक्टरने हिशेब केला तर हद्द १३७ जीबीला संपते (विंडोज हाच आकडा १२८ जीबी दाखवते). बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) जरा नवा असेल तर ५०० जीबीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) बनतं, फॉरमॅटही होतं. पण ९८चा ‘ईएसडीआय_५०६.पीडीआर’ हा ड्रायव्हर पत्त्याचे वरचे बिट गाळून टाकतो. मग हद्दीपलीकडे लिहायचा डेटा डिस्कच्या सुरुवातीला, नेमका फाइल टेबलवर (कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदीवर) जाऊन पडतो. एररही येत नाही. म्हणून प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारायचा: इथे सेक्टरचा पत्ता कोण काढतंय?

आत जोडायची असेल तर ९८साठी डिस्कची क्षमताच कापून घेणं सगळ्यात पक्कं. लिनक्सवर एचडीपार्म या कमांडने २६,८४,३५,४५५ सेक्टरची मर्यादा घालता येते. आकड्याआधी ‘पी’ लावायला विसरू नका, नाहीतर वीज बंद होताच मर्यादा उडते आणि डिस्क पुन्हा पूर्ण दिसू लागते. ९८चा मूळ एफडिस्क (पार्टिशन बनवणारा प्रोग्राम) ६४ जीबीवरच्या डिस्कचा आकार चुकीचा दाखवतो, तेव्हा त्याची सुधारित आवृत्ती वापरा. डिस्क तपासणारा स्कॅनडिस्क तर १२७.५३ जीबीपेक्षा मोठ्या पार्टिशनवर चालतच नाही, त्यामुळे साठेक जीबीची दोन पार्टिशन बरी.

एक्सपीचं गणित वेगळं. एसपी१पासून (एसपी म्हणजे सर्व्हिस पॅक, विंडोजच्या सुधारणांचा संच) ४८ बिटांचा पत्ता चालतो. विंडोज २०००ला एसपी३ हवा आणि शिवाय रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) ‘एनेबलबिगएलबीए’ची किंमत १ करावी लागते. सापळा आहे तो मूळ, एसपी नसलेल्या सीडीत: तीच सीडी घालून दुरुस्ती करायला गेलात तर १३७ जीबीची जुनी अडचण परत दारात. सिस्टिमचं पार्टिशन पहिल्या १३७ जीबीतच ठेवा.

पुढची भिंत २.२ टीबीची. ३२ बिटांच्या एक्सपीला जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) वाचता येत नाही आणि एमबीआर या जुन्या पद्धतीत सेक्टरचा आकडा ३२ बिटांतच मावतो. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसली, तर समजा की हिशेब २.२ टीबीनंतर पुन्हा शून्यापासून सुरू झालाय. अशा डिस्कवर एक फाइलही टाकू नका. २ टीबीपर्यंतची घेतलीत तरी पार्टिशन नव्या विंडोजवर किंवा लिनक्सवर २०४८व्या सेक्टरपासून बनवा. एक्सपी ते ६३व्यापासून सुरू करते आणि आतून ४०९६ बाइटचे सेक्टर असलेल्या डिस्कवर लिहिण्याचा वेग त्यामुळे पडतो.

वेगळं पीसीआय कंट्रोलर कार्ड हाही मार्ग आहे. त्याचा स्वतःचा बायोस आणि ड्रायव्हर असतो, त्यामुळे मूळ ड्रायव्हर वाटेतच येत नाही. मात्र तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर मिळतोय याची खात्री झाल्याशिवाय कार्ड घेऊ नका.

यूएसबी पेटीत (डिस्क बसवून यूएसबीने जोडायची बाहेरची डबी) पत्ता काढायचं काम पेटीतली चिप करते, म्हणून विंडोजच्या आयडीई ड्रायव्हरचा १३७ जीबीचा प्रश्न मिटतो. ९८ला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि यूएसबी १.१ असेल तर वेग सेकंदाला साधारण १ एमबी: १०० जीबी हलवायला दिवसाहून जास्त. काही मोठ्या पेट्या विंडोजला ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात, त्यामुळे एक्सपीवरही २.२ टीबीपुढे जाता येतं. पण तीच डिस्क पेटीतून काढून थेट मदरबोर्डवरच्या साटा जोडणीला लावली, की पार्टिशन टेबलचा अर्थच बदलतो आणि डिस्क रिकामी भासते. अशा वेळी विंडोज ‘इनिशियलाइझ’ (नवी कोरी पार्टिशन टेबल लिहिणं) विचारेल, त्याला हो म्हणू नका, परत पेटीत घाला.

डेटाच्या दृष्टीने नेटवर्क सगळ्यात निर्धोक, कारण डिस्क नव्या सिस्टिमच्या ताब्यात राहते आणि जुन्या मशीनला फक्त फाइली दिसतात. किंमत मोजावी लागते ती सुरक्षेत. एक्सपीला फाइली वाटून घेण्याचा जुना प्रोटोकॉल एसएमबी१च येतो आणि नव्या सिस्टिम तो मुद्दाम बंद ठेवतात. तो सुरू करण्यापेक्षा इंटरनेटपासून तोडलेल्या जाळ्यात एफटीपी (फाइली पाठवायची जुनी, साधी पद्धत) बरं.

निवड करायचीच तर ९८साठी आत कापलेली डिस्क आणि बाकी सगळं नेटवर्कवर. एक्सपी एसपी३साठी २ टीबीपर्यंतची डिस्क आत किंवा यूएसबीवर, त्यापुढे नेटवर्क. काहीही निवडा, खरा डेटा टाकण्याआधी डिस्क फालतू फाइलींनी काठोकाठ भरा, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि मगच चेकसम (फाइल बदलली नाही ना हे सांगणारा आकडा) जुळवा. बंद न करता तपासलंत तर उत्तर डिस्कऐवजी मेमरीतून येऊ शकतं. सगळ्यात आधी लिहिलेल्या फाइलींपासून सुरुवात करा. हद्दीनंतर पत्ता पुन्हा शून्यापासून सुरू झाला असेल तर पहिला मार त्यांनाच बसलेला असतो.