38 फुटांच्या पाइपात 31 मीटर आत गेलेला कॅमेरा

मार्चमध्ये संडासात फ्लश केला की न्हाणीच्या जाळीतून गुडगुड करत बुडबुडे यायला लागले. आठवड्याभरात आंघोळीचं पाणी घोट्याएवढं तुंबायला लागलं. आमचं राजारामपुरीतलं घर वडिलांनी 1978 साली बांधलेलं, परसात मोठा उंबर. काय झालं असणार ते मला कळलं होतं. तरी फसलो. किंबहुना कळलं होतं म्हणूनच फसलो, कारण "मुळं शिरली असतील" हे वाक्य फोनवर आधी मीच बोललो. समोरच्याला पुढं फार काही रचायला लागलंच नाही.

नंबर विजेच्या खांबावरच्या स्टिकरचा. कॅमेऱ्यानं तपासणी फक्त 299 रुपयांत. तासाभरात दोन पोरं हजर. एकसारखे टी-शर्ट, हातमोजे, काळ्या केबलच्या टोकाला मिणमिणता दिवा. "काका, तुम्ही हितंच थांबा, चेंबरजवळ लई वास मारायलाय." मी मुकाट्यानं मागच्या दारात उभा राहिलो. एक जण चेंबरात केबल सोडत होता, दुसरा माझ्याशेजारी मोबाइल धरून. स्क्रीनवर जे दिसलं त्यानं पोटात गोळाच आला. पाइपभर केसाळ मुळं, त्यातून कसंबसं झिरपणारं पाणी. मी मोबाइल बघत राहिलो, चेंबर बघितलंच नाही.

"झाडच काढायला लागतंय बघा. म्हणत असाल तर रात्रीत मोकळं करून देतो, 8,000 द्या." शहरात स्वतःच्या परसातलं झाडसुद्धा महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्याचा कायदा 1975 पासून आहे. मी हे म्हणेपर्यंत आई बाहेर आली. ती दर गुरुवारी त्या उंबराला प्रदक्षिणा घालते, पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाते. "औदुंबराला हात तर लावून बघ," एवढंच म्हणाली. पोरानं लगेच सूर बदलला. "मग आजी, औषध सोडू. झाडाला काय होत नाही, पाइपातली मुळं तेवढी जळतात." आता वाटतं, झाडाची गोष्ट आम्ही नाही म्हणावं म्हणूनच काढली होती. झाड वाचलं या आनंदात बाकीचा आकडा आम्ही नीट ऐकलाच नाही.

आकडा असा: मशीननं साफ करायचे फुटाला 650, लाइन 38 फूट, म्हणजे 24,700. औषधाची तीन पाकिटं 1,800 प्रमाणं 5,400. एकूण 30,100. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी वाढतोय म्हणून कच्चं. पाच वर्षांची गॅरंटी व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर पेनानं. पैसे यूपीआयनं, कुणाच्या तरी वैयक्तिक नावावर. स्प्रिंगचं मशीन चाळीस मिनिटं घुरघुरलं, पाणी भसकन गेलं आणि आम्ही त्यांना वर चहाही दिला.

चार दिवसांनी तासगावचा मेव्हणा आला. त्याची द्राक्षबाग आहे. कोपऱ्यात पडलेलं रिकामं पाकीट, त्याच्या तळाशी चिकटलेले निळे खडे बघून म्हणाला, "दाजी, हे तर मोरचूद हाय. आम्ही चुन्यात कालवून बागेवर मारतोय." मोरचुदानं, म्हणजे कॉपर सल्फेटनं, मूळ करपतं हे खरं. पण उताराच्या पाइपात ते पाण्याबरोबर बघता बघता निघून जातं, मुळाला धरून बसत नाही. शेंडे करपले तरी मागून नवे फुटतात. आणि घरात मैल्याची टाकी असेल तर मैला कुजवणारे जिवाणूच त्यानं मरू शकतात.

जुलैत पाऊस लागला आणि पुन्हा तुंबलं. आता फोन लागेना. व्हॉट्सॲपवर त्यांनी पाठवलेला तो व्हिडिओ मी लेकीला दाखवत होतो. ती म्हणाली, "बाबा, कोपऱ्यातला आकडा बघा." 31.4 मी. लिहिलेलं. आमची संडासापासून रस्त्याच्या चेंबरापर्यंतची लाइन 38 फूट, म्हणजे जेमतेम साडेअकरा मीटर. कॅमेरा समोरच्यांच्या स्वयंपाकघरातच गेला असणार! शिवाय व्हिडिओतला पाइप पांढरा प्लास्टिकचा. आमचा स्टोनवेअरचा, म्हणजे भाजलेल्या मातीचा, तपकिरी.

मग एका जुन्या गवंडीमामांना बोलावलं. त्यांनी कॅमेरा आणला नाही. बांबूची लांब कामटी आणली. चेंबरातून ती आत सारली, जिथं अडली तिथं चेंबरच्या तोंडाशी कामटीला चिंधी बांधली, बाहेर काढून परसाच्या फरशीवर आडवी ठेवली. 11 फूट. बरोबर उंबराच्या समोर. तेवढीच फरशी उचकटली. अडीच फुटांवर पाइप लागला. "मालक, मूळ नंतर बघा. आधी ह्यो सांधा बघा."

सांध्यातलं सिमेंट गळून गेलं होतं. त्या फटीतून आत गेलेलं मूळ शेवईएवढं बारीक, आणि आत त्याचाच मनगटाएवढा जाड झुपका, नारळाच्या शेंडीसारखा. मूळ धडधाकट पाइप सहसा फोडत नाही. सांधा पाझरतो, भोवतालची माती ओली राहते, मूळ त्या ओलीच्या मागानं येतं आणि आत पाणी-खत दोन्ही मिळाल्यावर फोफावतं. स्टोनवेअरचा पाइप दोन-दोन फुटांचा, म्हणजे आमच्या लाइनीत 18 सांधे. त्या पोरांनी स्प्रिंगनं झुपक्याला भोक पाडलं होतं, फट तशीच ठेवून. छाटल्यासारखं मूळ आणखी दाट फुटलं.

मामांनी झाडासमोरचे 20 फूट काढून तिथं पीव्हीसीचा सलग 20 फुटी पाइप टाकला. उंबरासमोर आता एकही सांधा नाही. उतार पाणलेव्हलनं दोनदा तपासला, माती दाबण्याआधी सांधे उघडे ठेवून चार बादल्या ओतून बघितल्या. मजुरी-सामान धरून 11,500. झाड जागेवर आहे, आईचा गुरुवार चुकला नाही.

ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली. तिथं पहिला प्रश्न कंपनीचं नाव-पत्ता काय, आणि कार्डावर एका मोबाइल नंबराशिवाय काही नाही. यूपीआयवरचं नाव दिलंय, पोलिसांत अर्ज दिलाय. पैसे परत येतील असं मला वाटत नाही.

हे लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. गेल्या रविवारी दहाव्या गल्लीतल्या ओळखीच्या बाईंचा फोन आला. "तुमच्याकडं मुळांचं काम झालंय न्हवं? आमच्याकडं पण निघाल्यात, फुटाला 650 म्हणायलेत. व्हिडिओ पाठवते, बघा जरा." व्हिडिओ आला. पांढरा पाइप, तीच मुळं, कोपऱ्यात 31.4 मी.

ॲडव्हान्स त्यांनी सकाळीच दिला होता.